टाकीत साठवलेली दुपार

आमच्या इमारतीची पाण्याची मोटर वर्षानुवर्षं संध्याकाळी सातला सुरू व्हायची. वॉचमनकाका जिन्याखालच्या पॅनेलचं हिरवं बटण दाबायचे, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी असं सगळं एकदम चालू असायचं. वीज कोणत्या वेळी वापरली हेही नोंदवणारं स्मार्ट मीटर आल्यावर आम्ही ही वेळ दुपारी बारावर आणली. पाणी तेवढंच, युनिटं तेवढीच, बिल मात्र उतरलं.

महावितरणच्या 1 जुलै 2025 पासूनच्या दरांत स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या प्रत्येक युनिटमागे 80 पैसे सवलत ठेवण्यात आली. पुढच्या काही वर्षांत ती 1 रुपयापर्यंत नेण्याचंही त्यात होतं. दर बदलत राहतात, त्यामुळे हिशेब करताना आकडा आपल्या ताज्या बिलावरचाच धरा.

दुपारची वीज स्वस्त का? तारेतून येणारी वीज तारेत साठून राहत नाही. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. हा तोल बिघडला की विजेची 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, वारंवारता हलायला लागते. भर दुपारी सौरऊर्जेचा पूर आलेला असतो. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि त्याच सुमारास मागणी चढते. मग औष्णिक संच आणि कोयना यांच्यावर भार येतो. कोयनेचं पाणीही हवं तेवढं वापरता येत नाही: पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलं आहे. म्हणून संध्याकाळचं युनिट महाग पडतं.

जुन्या लोकांच्या डोक्यात ‘रात्रीची वीज स्वस्त’ हे पक्कं बसलेलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. ब्रिटनमध्ये 1978 साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर आला. त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त, कारण मोठी वीजकेंद्रं रात्री बंद करता येत नसत. लोक रात्री हीटरमधल्या विटा तापवून ठेवत आणि दिवसभर त्यांची ऊब घेत. आपल्याकडे कारखान्यांनाही अनेक वर्षं रात्रीची सवलत होती. सौरऊर्जेने घड्याळ उलटं फिरवलं.

आता आपल्या घराचं बघू. आमची मोटर पाच एचपीची, म्हणजे तासाला साधारण चार युनिटं. रोज तीन तास चालली तर बारा युनिटं, त्यावर सवलत 9 रुपये 60 पैसे, महिन्याला सुमारे 288 रुपये. गच्चीवर चढवलेलं पाणी म्हणजे साठवलेली ऊर्जाच, आणि टाकी गळत नसेल तर तिच्यातून काहीही कमी होत नाही.

गिझरचं तसं नाही, आणि इथेच अनेकांची फसगत होते. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 0.6 युनिट लागतं. दुपारी चारला तापवलं तर सवलत मिळते जेमतेम 48 पैसे. पण सकाळी सहाच्या अंघोळीपर्यंत चौदा तास ते पाणी निवत राहतं. युनिटचा दर दहा रुपये धरला, तर अवघं 0.05 युनिट उष्णता वाया गेली तरी सवलत संपली. तेवढी तर जातेच! गिझर अंघोळीआधीच लावा, मग ती वेळ महाग असली तरी चालेल.

कपडे धुण्याचं यंत्र थंड पाण्यावर पाव युनिटही घेत नाही, त्यामुळे फायदा वीसेक पैशांचा. गरम पाण्याची धुलाई, इस्त्री, ई-स्कूटरचं चार्जिंग दुपारी करायला सोयीचं असेल तर जरूर करा. पण घरात दुपारी कुणी नसताना या गोष्टींसाठी धडपड करू नका.

त्याहून मोठी गोष्ट स्लॅबची आहे. महिन्याची पहिली शंभर युनिटं ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट होतो. युनिटची वेळ बदलली तर 80 पैसे वाचतात; तेच युनिट वापरलंच नाही तर दहा रुपयांच्या आसपास. जुना पंखा बदलून कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावणं हे मला वेळापत्रकापेक्षा कधीही जास्त महत्त्वाचं वाटतं.

हिशेब सोपा आहे. दिवसाचा (सकाळी 9 ते संध्याकाळी 5) आणि इतर वेळेचा वापर बघा. महिन्याच्या 200 युनिटांतली 60 आधीच दिवसा जात असतील, तर काहीही न करता 48 रुपये सुटतात. आणखी 30 दिवसा सरकवली तर वर 24. मोठं घबाड नाही, पण सोसायटीच्या सामाईक मीटरला ही सवलत असेल तर मोटरमुळे रक्कम लगेच डोळ्यांत भरते. म्हणून सुरुवात तिथून करा.

मात्र वेळ बदलण्याआधी टाक्या तपासा. आमच्याकडे पालिकेचं पाणी पहाटे येतं आणि खालच्या टाकीत दुपारपर्यंत थांबतं. पहिल्या आठवड्यात वरची टाकी सकाळी दहालाच रिकामी झाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन खाली आल्या. बॉलकॉक नीट बसवला, टाकी काठोकाठ भरायला लागली, आणि आता बाराला भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पुरतं.