तार घातलेली कवळी तुटत नाही, हा गैरसमज
कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकमध्ये तार बसवली की सुपारी फोडली तरी ती तुटत नाही, असे यवतमाळकडच्या खेड्यांत खात्रीने सांगितले जाते. ते खरे नाही. गुळगुळीत तार रेझिनला (म्हणजे या अ‍ॅक्रिलिकला) रासायनिकरीत्या चिकटत नाही, त्यामुळे दोन्हींच्या सीमेवर ताण एकवटतो आणि वरच्या कवळीत पुढच्या दातांच्या वर मधोमध, ओठाच्या आतल्या पडद्यासाठी ठेवलेल्या खाचेपासून निघालेली बारीक चीर, रोजच्या चावण्याने कवळी वाकत राहिल्यामुळे, हळूहळू टाळूच्या भागापर्यंत जाते. तार फार तर तुटलेले तुकडे एकत्र धरून ठेवते. सिलेनचा (काच आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाचा) लेप दिलेले काचतंतू मात्र रेझिनशी घट्ट बांधले जातात आणि ताण स्वतःवर घेतात. कवळी हातून निसटून फुटत असेल, तर रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले हाय-इम्पॅक्ट (आघात सोसणारे) अ‍ॅक्रिलिक अधिक उपयोगी पडते, कारण ते कण चिरेची वाढ रोखतात.