ग्रहणाला जुळणारा, अष्टमीला चुकणारा चंद्र

चंद्र सूर्याच्या पुढे 12 अंश जायला जो वेळ घेतो ती एक तिथी. दोघांतले अंतर शून्य झाले की अमावास्या संपते, 180 अंश झाले की पौर्णिमा. अंतर 90 अंश, म्हणजे शुद्ध अष्टमीचा मध्य, तेव्हा बिंब बरोबर अर्धे उजळलेले असते. चंद्राची गती सारखी नसल्याने एखादी तिथी 20 तासांत आटोपते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. व्याख्या इतकी सरळ असूनही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दोन पंचांगांच्या तिथ्यांमध्ये काही तासांचा फरक पडत असे. त्यातून एकादशी दोन वेगळ्या दिवशी यायची आणि श्राद्धाच्या तिथीवरून वाद व्हायचे. याचे कारण शोधत मागे गेले की आपण ग्रहणापाशी पोहोचतो.

जुनी पंचांगे बहुतांशी 'ग्रहलाघव' या करणग्रंथावर, म्हणजे ग्रहगणिताच्या सोप्या रीती देणाऱ्या ग्रंथावर, चालत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली रचला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध (निरीक्षणे) घेणारे होते. 'सूर्यसिद्धान्त' या प्राचीन ग्रंथातले चंद्राचे स्थान गणेशांनी जसेच्या तसे उचलले नाही, त्यातून 9 कला वजा केल्या (60 कला म्हणजे 1 अंश). ही दुरुस्ती दिसते किरकोळ. पण चंद्र सूर्याच्या तुलनेत तासाला सुमारे साडेतीस कला पुढे सरकतो, म्हणून 9 कलांनी पौर्णिमेची वेळ जवळजवळ 18 मिनिटे हलते. ग्रहणाचा स्पर्श (सुरुवात) आणि मोक्ष (शेवट) पाहणाऱ्याला एवढी चूक सहज कळते. ग्रंथात ज्या-चापांची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकटही नाही. राहू आणि केतू म्हणजे चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला छेदते ते दोन बिंदू; ग्रहणासाठी सूर्याचे राहूपासूनचे (किंवा केतूपासूनचे) अंतर काढायचे. ते 14 अंशांपेक्षा कमी असले तर ग्रहणाचा संभव. मग त्या अंशांना 11 ने गुणून 7 ने भागायचे, की चंद्राचा शर (सूर्यमार्गापासूनचे अंतर) अंगुलांत मिळतो. एक अंगूल म्हणजे 3 कला. हा नियम चंद्रकक्षेचा कल साडेचार अंश धरतो. प्रत्यक्षात तो सुमारे 5 अंश 9 कला आहे, म्हणून राहूपासून दूर गेल्यावर शर कमी येतो आणि ग्रास (बिंबाचा झाकलेला भाग) वाजवीपेक्षा मोठा निघतो. तरीही एवढ्या आकडेमोडीवर गावोगावचे जोशी ग्रहण वर्तवू शकत होते, ही मोठीच कामगिरी म्हणायला हवी.

ग्रहण हीच पंचांगाची परीक्षा ठरली होती, आणि अडचण नेमकी तिथेच होती. लंबवर्तुळाकार कक्षेमुळे मध्यम (सरासरी गतीने चालणाऱ्या) चंद्राला जो संस्कार (दुरुस्ती) द्यावा लागतो, तो जास्तीत जास्त सुमारे 6 अंश 17 कला असतो. सूर्याच्या ओढीमुळे आणखी एक संस्कार लागतो, कमाल सुमारे 1 अंश 16 कलांचा. पौर्णिमा-अमावास्येला हा दुसरा संस्कार पहिल्याच्या उलट दिशेने येतो, म्हणून एकूण 5 अंश 1 कला एवढाच फरक दिसतो. जुन्या सिद्धान्तांतले चंद्राचे परम मंदफल, म्हणजे कक्षेच्या संस्काराची कमाल, पाहा: तेही 5 अंशांच्या आसपासच आहे. म्हणजे ते ग्रहणांशी ताडून बसवलेले होते आणि ग्रहणाला चोख उतरायचे. अष्टमीला मात्र दोन्ही संस्कारांची बेरीज होते, साडेसात अंशांपर्यंत जाते, आणि जुना चंद्र अडीच अंशांपर्यंत चुकतो. तिथीच्या हिशेबात ही चूक सुमारे पाच तासांची. पण अडीच अंशांनी अर्ध्या बिंबाचा उजळ भाग जेमतेम दोन टक्क्यांनी बदलतो, तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ग्रहणात पास होणारे गणित अष्टमीला नापास होत होते आणि कुणाच्या ध्यानात येत नव्हते.

ग्रीकांचेही असेच झाले. हिपार्कसने ग्रहणांवरून 5 अंशांचाच आकडा काढला होता. अर्ध्या चंद्राचे वेध तपासून दुसरा संस्कार मांडला तो टॉलेमीने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. आपल्याकडे मुंजालाच्या 'लघुमानस' या 932 सालच्या ग्रंथात असा संस्कार आहे. पंचांगांत तो रुजला नाही, याची खंत वाटते.

महाराष्ट्रात बदल घडवला तो केरो लक्ष्मण छत्रे यांनी. त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' 1860 मध्ये आली. त्यांच्या गणिताचे पंचांग 1865 पासून निघू लागले. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यामुळे त्याला पटवर्धनी म्हणत. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' रचून सूक्ष्म (सगळे संस्कार दिलेला) चंद्र संस्कृत जाणणाऱ्या पंचांगकर्त्यांच्या हातात दिला. विरोध झाला तो 'बाणवृद्धी रसक्षय' या सूत्राच्या आधारे: तिथी 60 घटींपेक्षा (एक घटी म्हणजे 24 मिनिटे) फार तर 5 घटींनी वाढते आणि 6 घटींनी घटते. व्रत-श्राद्धाचे निर्णय याच मर्यादेवर उभे आहेत, असे विरोधक म्हणत. सूक्ष्म गणिताची तिथी मात्र 50 ते 67 घटींपर्यंत जाते. धर्मनिर्णयाची काळजी समजण्यासारखी होती, पण 65 आणि 54 हे आकडे मुळात त्याच अपुऱ्या चंद्रातून आले होते.

राशिचक्राचा आरंभ रेवती ताऱ्यावरून ठरवायचा की चित्रा ताऱ्यावरून, हा अयनांशाचा वाद याच्याशी मिसळू नये. त्याने नक्षत्रे, संक्रांती आणि अधिकमास बदलतात. तिथी बदलत नाही, कारण ती सूर्य-चंद्रांतले अंतर मोजते आणि आरंभबिंदू वजाबाकीत निघून जातो. पंचांग सुधारणेसाठी भारत सरकारने नेमलेल्या मेघनाद साहा समितीच्या शिफारशींनंतर 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले, तेही सूक्ष्म गणिताचेच.

आजचे पंचांग वाचताना एक भेद लक्षात ठेवावा. चंद्रग्रहणाचा मध्य पौर्णिमेच्या समाप्तीच्या काही मिनिटांच्या आतच येतो. सूर्यग्रहणाचे तसे नाही. अमावास्येची समाप्ती पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात, आपण पाहतो पृष्ठभागावरून. या लंबनामुळे ग्रहणमध्य सकाळी अमावास्येच्या समाप्तीआधी सरकतो, दुपारनंतर पुढे जातो. जुने ग्रंथ हा फरक 4 घटींपर्यंत धरतात. 2 ऑगस्ट 2027 ला अमावास्या दुपारी साडेतीनच्या सुमारास संपेल, पण महाराष्ट्रात खंडग्रास ग्रहणाचा मध्य त्यानंतर साधारण तासाभराने येईल.