खडकाचं वय वेगळं, पर्वताचं वेगळं

हिमालय हा तरुण वली पर्वत, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. भारताचा भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, मधला गाळ चेपला गेला, वळ्या पडल्या. ते बरोबरच आहे. पण त्यावरून तिथले खडकही तेवढेच तरुण असं कुणी लिहितं, तर कुणी ‘१८६ कोटी वर्षांचा हिमालय’ असा मथळा देतं. दोन्ही वाचून जीव तुटतो.

हिमाचलातल्या किन्नौरमध्ये वांगतूला सतलजच्या काठी जो नाइस (उष्णता आणि दाबानं रूप बदललेला पट्टेदार खडक) उघडा पडलाय, तो हातात घेऊन बघा. काळे-पांढरे पट्टे आणि उन्हात चमकणारं अभ्रक. मूळ ग्रॅनाइट म्हणून हा खडक थिजला सुमारे १८६ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा हिमालयाचा पत्ताही नव्हता.

खरा घोळ पुढेच होतो. या एकाच दगडाला दोन वयं निघतात आणि दोन्ही खरी असतात. त्यातला झिरकॉन या टणक खनिजाचा कण मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. घडताना तो युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. युरेनियमचं ठरावीक वेगानं शिसं होत जातं. म्हणून आत सापडणारं शिसं युरेनियमपासूनच झालेलं, आणि त्यावरून जन्म मोजता येतो. नंतर खडक कितीही तापला तरी झिरकॉन सहसा ते शिसं सोडत नाही. अभ्रक तसं नाही. पोटॅशियमपासून त्यात आर्गॉन वायू तयार होतो, पण साधारण ३०० ते ४०० अंशांच्या वर तो निसटत राहतो. खडक वर येऊन निवला की मगच साठू लागतो. म्हणून याच परिसरातल्या खडकातलं अभ्रक १ कोटी वर्षांच्या आतलं वय सांगतं. ते खडकाच्या जन्माचं नाही, पर्वत उचलला जाताना खडक निवल्याचं आहे.

तेव्हा कुठल्या खनिजावरून काढलं ते न सांगता दिलेलं वय मी तरी धरत नाही.

सह्याद्रीचंही तेच: बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, पण कोकणाकडचा कडा त्यानंतर झिजत घडला.

गंगोत्रीजवळच्या शिवलिंग शिखराचा पांढरट ग्रॅनाइट मात्र सुमारे २.३ कोटी वर्षांचा, म्हणजे पर्वत घडतानाच जन्मलेला. पण तो जुने खडक वितळून झाला, म्हणून त्याच्या झिरकॉनच्या पोटात जुना गाभा असतो आणि भोवती नवी साय. अख्खा कण एकदम मोजला, तर ना गाभ्याचं ना सायीचं, असं मधलंच वय हाती येतं.