खासगी क्लाउडमध्ये पॅकेट कोणत्या वाटेने जाते?

एखादी संस्था स्वतःच्या सर्व्हरवर खासगी क्लाउड उभारते, तेव्हा व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालू करण्याचा टप्पा सहसा लवकर पार पडतो. प्रोसेसर आणि मेमरी यांची वाटणी हायपरव्हायझर (ही मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) करतो आणि त्यात फारशा अडचणी येत नाहीत. कस लागतो तो त्या मशीनना एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडताना, कारण ज्या केबल, स्विच आणि राउटरवर एरवी बोट ठेवता आले असते, ते सगळे आता लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) सॉफ्टवेअरच्या रूपात असतात. तरीही त्यांत गूढ असे काही नाही. त्यातला प्रत्येक दुवा कमांड देऊन पाहता येतो आणि पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, नेमके कोठे अडले हेही शोधता येते. म्हणूनच सेटिंगच्या याद्या पाठ करण्यापेक्षा पॅकेटची वाट समजून घेणे मला अधिक मोलाचे वाटते.

नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केलेला ओपनस्टॅक हा मुक्तस्रोत प्रकल्प खासगी क्लाउडसाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यात नेटवर्कचा कारभार न्यूट्रॉन या घटकाकडे असतो. न्यूट्रॉन स्वतः पॅकेट वाहून नेत नाही. कोणाला कोणते सबनेट (पत्त्यांचा गट) हवे, कोणता राउटर कशाला जोडायचा, हे तो डेटाबेसमध्ये नोंदवतो आणि सर्व्हरवरील एजंटांकडून तशी रचना करून घेतो. प्रत्यक्ष वाहतूक कर्नेल आणि ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच) करतात. त्यामुळे न्यूट्रॉनची मुख्य सेवा थोडा वेळ बंद पडली, तरी आधी जोडलेल्या मशीनचे दळणवळण सहसा चालू राहते. नवे बदल तेवढे खोळंबतात.

मशीनला आतून जे नेटवर्क कार्ड दिसते, त्याचे दुसरे टोक सर्व्हरवर टॅप नावाच्या इंटरफेसच्या रूपात असते. मशीनने पाठवलेली फ्रेम (इथरनेटच्या आवरणातले पॅकेट) तिथून बाहेर पडते, सिक्युरिटी ग्रुपच्या, म्हणजे कोणती वाहतूक येऊ-जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या, नियमांतून जाते आणि ओपन व्हीस्विचच्या 'बीआर-इंट' या ब्रिजवर (आभासी स्विचवर) पोहोचते. ज्याच्याशी बोलायचे ते मशीन त्याच सर्व्हरवर आणि त्याच नेटवर्कमध्ये असेल, तर प्रवास इथेच संपतो. मात्र दोन वेगळ्या सबनेटमधील मशीनना राउटर लागतो. एजंटांच्या या रचनेत हा राउटर म्हणजे सर्व्हरवरील एक नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे कर्नेलमधला नेटवर्कचा वेगळा कप्पा, ज्याला स्वतःचे इंटरफेस, स्वतंत्र राउटिंग टेबल आणि स्वतःचे फायरवॉल नियम असतात. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवाही अशाच वेगळ्या नेमस्पेसमध्ये चालते. या विभागणीमुळेच दोन प्रकल्पांनी १९२.१६८.१.० हेच सबनेट निवडले, तरी त्यांची पॅकेट एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रकल्प जसे वाढतात, तसा त्यांची वाहतूक वेगळी ठेवण्याचा प्रश्न सर्व्हरच्या बाहेरही उभा राहतो. एकाच प्रत्यक्ष नेटवर्कचे आभासी भाग पाडणाऱ्या व्हीलॅनमध्ये ओळखक्रमांकासाठी १२ बिट असतात. त्यातून ४,०९६ आकडे मिळतात आणि दोन राखीव असल्यामुळे ४,०९४ वापरता येतात. मोठ्या क्लाउडला ते अपुरे पडतात. २०१४ साली आरएफसी ७३४८ या दस्तऐवजात वर्णन केलेल्या व्हीएक्सलॅनमध्ये हा क्रमांक २४ बिटांचा आहे, म्हणजे १,६७,७७,२१६ वेगळी नेटवर्क शक्य होतात. त्याची पद्धत एक पत्र पाकिटासकट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवण्यासारखी आहे: मशीनची संपूर्ण फ्रेम एका यूडीपी पॅकेटमध्ये बंद करून दुसऱ्या सर्व्हरच्या ४७८९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवली जाते आणि तिथे ती उघडून योग्य मशीनकडे सोपवली जाते.

या बाहेरच्या पाकिटाला जागा लागते, आणि अनेक उभारण्या नेमक्या याच ठिकाणी अडकतात. बाहेरच्या आयपीचे शीर्ष (हेडर) २० बाइटचे, यूडीपीचे ८, व्हीएक्सलॅनचे ८ आणि आतल्या इथरनेटचे १४, असा एकूण ५० बाइटचा बोजा पडतो. इथरनेटची नेहमीची एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० बाइट असते. तेव्हा मशीनसाठी १४५० उरतात. मशीनला हे कळलेच नाही, तर लक्षणे फसवी दिसतात. पिंग (पोहोच तपासणारे पॅकेट) व्यवस्थित चालते, कारण ते एरवी लहान असते. दुरून काम करण्यासाठीची एसएसएच जोडणी सुरू होते आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या वेळी गोठते. मोठी फाइल उतरवायला घेतली, की ती पुढे सरकतच नाही. अशा वेळी पॅकेटच्या विभाजनास मनाई करून १४२२ बाइटचे पिंग पाठवावे. त्यात २८ बाइटची शीर्षे मिळवली, की बरोबर १४५० होतात. हे पोहोचले आणि १४७२ बाइटचे मात्र पोहोचले नाही, तर आधी एमटीयूवर संशय घ्यावा.

यावर दोन उपाय आहेत. डीएचसीपीद्वारे मशीनना १४५० हा आकडा कळवता येतो, आणि न्यूट्रॉनमध्ये ती सोय आहे. किंवा सर्व्हरांमधल्या प्रत्यक्ष नेटवर्कची एमटीयू निदान १५५० पर्यंत वाढवता येते. स्विच आपल्याच ताब्यात असतील, तर मला दुसरा उपाय अधिक चांगला वाटतो, कारण मग मशीनना नेहमीची १५०० बाइटची पॅकेट वापरता येतात. अट एकच: वाटेतला प्रत्येक स्विच आणि प्रत्येक कार्ड बदलायला हवे, आणि वाढवलेला आकडा न्यूट्रॉनलाही सांगायला हवा.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा खासगी पत्ता राउटर बदलून देतो. बाहेरून थेट पोहोचायचे असल्यास मशीनला फ्लोटिंग आयपी (बाहेरून दिसणारा पत्ता) जोडावा लागतो. तो जोडूनही मशीन प्रतिसाद देत नसेल, तर सिक्युरिटी ग्रुप पाहावा, कारण आधीपासून लागू असलेला (डिफॉल्ट) गट बाहेरून येणारी जोडणी स्वीकारत नाही.

एकच नेटवर्क कार्ड असलेल्या सर्व्हरवर आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते कार्ड 'बीआर-एक्स' या बाहेरच्या ब्रिजला जोडताच त्याच्यावरचा आयपी पत्ता निकामी होतो आणि दुरून काम करणाऱ्याची एसएसएच जोडणी तुटते. पत्ता आणि डिफॉल्ट मार्ग दोन्ही ब्रिजवर हलवायचे असतात. हा बदल शक्यतो सर्व्हरच्या कन्सोलवरून करावा. ते शक्य नसेल तर सर्व कमांड एकाच स्क्रिप्टमध्ये लिहून, जोडणी तुटली तरी चालत राहील अशा रीतीने, ती एकदाच चालवावी.