यूयू म्हणजे हरणाची हाक

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की चीनमधल्या एका बापाने १९३० साली मुलीचं नाव ठेवताना त्यात मलेरियाचं औषधच लिहून ठेवलं होतं, बघा नावाची ताकद. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. यातलं निम्मं खोटं आहे, पण जे निम्मं खरं निघालं ते इतकं भारी आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

बाई म्हणजे तू यूयू, २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी एक. जन्म ३० डिसेंबर १९३०, निंगबो शहरात. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणजे तू हे आडनाव. खरा उच्चार 'थू'च्या जवळ जातो पण नोबेलवाल्या बाईंना मराठीत थू कोण म्हणणार, तेव्हा तूच राहू दे. त्या अक्षराचा अर्थ कत्तल करणं, आणि पुढे नाव काय तर हरणाची हाक! यूयू हा नुसता आवाज आहे, आपलं कुहूकुहू तसं. अक्षरात डावीकडे छोटा चौकोन, म्हणजे तोंड, आणि उजवा भाग फक्त उच्चार सुचवायला. बहुतेक चिनी अक्षरं अशीच, अर्धी अर्थाची अर्धी आवाजाची.

वडिलांनी हे नाव घेतलं शिजिंगमधून. हा चीनचा सगळ्यात जुना कवितासंग्रह, ३०५ कविता, अडीच हजार वर्षं तरी जुना, आणि मुलींची नावं त्यातून शोधायची तिकडे जुनी पद्धत आहे. कवितेत हरणं चरताना यूयू करून सोबत्यांना बोलावतात, तसा यजमान पाहुण्यांना जेवायला बोलावतोय. दुसऱ्या कडव्यात ती हरणं 'हाओ' खातात, आणि हाओ म्हणजे आर्टेमिसिया. आपण चैत्रात जोतिबाला दवणा वाहतो ना, तो याच भावकीतला.

१९६७ साली २३ मे ला चीनने मलेरियावर गुप्त प्रकल्प सुरू केला, नाव पडलं ५२३. बाई त्यात १९६९ ला आल्या. छिंगहाओ म्हणजे या हाओंपैकीच एक, चिनी वैद्यकातली औषधी वनस्पती, तिचा अर्क मलेरियावर कधी चालायचा कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या पुस्तकात त्यांना सापडलं की मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजव, पिळ आणि रस पी. उकळ असं कुठेच नाही! त्यांना शंका आली की उष्णतेने काहीतरी बिघडतंय, म्हणून त्यांनी अर्क काढायला ३५ अंशालाच उकळणारं इथर हे द्रव वापरलं. ऑक्टोबर १९७१ मधे १९१ नंबरच्या नमुन्याने उंदरांमधला परजीवी पूर्ण साफ केला. (गंमत म्हणजे शुद्ध आर्टेमिसिनिन, म्हणजे त्या अर्कातलं खरं औषध, दीडशे अंशांपर्यंत टिकतं, पण पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणजे इथरने दुहेरी काम केलं.)

आता माझा आवडता भाग. या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू थेट एकमेकांना जोडलेत, त्याला पेरॉक्साइड पूल म्हणतात. जखमेवर फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आठवा, तोच कच्चा बंध. एरवी तो शांत असतो, तोडायला लोह लागतं. आणि मलेरियाचा परजीवी काय करतो, आपल्या लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोहवाला हीम मोकळा होतो, जो त्याला स्वतःलाच विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला ठेवतो. पण सगळा हीम काही पटकन स्फटिक होत नाही, तेवढ्यात औषध येतं, मोकळं लोह पूल तोडतं आणि कार्बनवर एकटा इलेक्ट्रॉन असलेले फ्री रॅडिकल तयार होतात, ते हीमला, प्रोटीनला, जे शेजारी सापडेल त्याला चिकटून परजीवीचं यंत्रच बंद पाडतात. म्हणजे जो जास्त खातो तो आधी मरतो! निरोगी पेशीत लोह हिमोग्लोबिनमधे नीट बांधलेलं असतं, म्हणून तिथे हा स्फोट सहसा होत नाही. फक्त औषध काही तासांतच शरीरातून निघून जातं, म्हणून सोबत दुसरं टिकाऊ औषध द्यावं लागतं. नुसता वनस्पतीचा चहा पिऊन भागत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही त्याला नाहीच म्हणते.

राहिली नावाची ताकद. चीनमधेही अक्षराच्या रेघा मोजून, कुंडलीत पाणी कमी म्हणून पाण्याचं चिन्ह असलेलं अक्षर घालून देणारे ज्योतिषी आहेत, आपल्या आद्याक्षरवाल्यांचे चुलतभाऊच. पण हाओ हा शब्द बऱ्याच आर्टेमिसियांना लागतो, आणि हे औषध पुरेशा प्रमाणात मिळतं ते आर्टेमिसिया ॲनुआमधून, चिनी वनस्पतिशास्त्रात 'छिंगहाओ' हे नाव असलेल्या दुसऱ्या झुडपात ते जवळपास नाहीच. म्हणजे ती हरणं नेमकं काय खात होती ते बापाला तरी कुठून कळणार होतं?