फितींची होळी: कोइंब्राच्या निरोपाच्या आठवड्याची पार्श्वभूमी

पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठातून शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांचा निरोपाचा उत्सव दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास आठवडाभर चालतो. त्याचे नाव ‘कैमा दश फीतश’, म्हणजेच फिती जाळण्याचा सोहळा. विद्यापीठ १२९० मध्ये लिस्बनला स्थापन झाले आणि १५३७ पासून कोइंब्रात कायमचे स्थिरावले. उत्सव मात्र त्या मानाने बराच अलीकडचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेला आहे. त्या काळी विद्यार्थी वह्या-पुस्तके फितीने बांधून नेत, आणि चौथ्या वर्षाची परीक्षा पार पडली की वाजतगाजत चौकात जमून त्या फितींची होळी करीत.

या साध्या प्रथेला आजचे भव्य रूप आले ते विडंबनातून. १८८० मध्ये कवी कामोंइशची त्रिशताब्दी आणि १८९८ मध्ये वास्को द गामाच्या हिंदुस्थान-सफरीची चौथी शताब्दी सरकारी थाटात साजरी झाल्यावर विद्यार्थ्यांनी १८९९ मध्ये चक्क परीक्षेच्या तयार नोट्सचीच शताब्दी साजरी केली आणि सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. पुढे १९०५ मध्ये रद्द झालेल्या एका पदवीची त्यांनी रीतसर अंत्ययात्राही काढली. आजच्या मिरवणुकीतील कागदी फुलांनी मढवलेल्या गाड्या आणि त्यांवरची बोचरी टीका याच परंपरेतली आहे.

आठवड्याचा आरंभ मात्र अगदी शांत असतो. मध्यरात्री बाराव्या शतकातील जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर काळे झगे पांघरलेले विद्यार्थी फादो, म्हणजे पोर्तुगालची हुरहुर लावणारी पारंपरिक गाणी, गातात, आणि खाली दाटीवाटीने उभे असलेले श्रोते टाळ्या न वाजवता ऐकतात. मिरवणुकीच्या दिवशी अरुंद फीत चक्क शौचाच्या भांड्यात जाळली जाते. रुंद फिती मात्र जपून ठेवायच्या असतात, कारण त्यांवर आईवडील, मित्र आणि प्राध्यापक निरोपाचे चार शब्द लिहितात. फितीचा रंग विद्याशाखेनुसार ठरतो: वैद्यकाची पिवळी, कायद्याची लाल. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्याच रंगाची उंच टोपी आणि छडी मिरवतात.

१९११ मध्ये लिस्बन आणि पोर्तू येथे विद्यापीठे निघेपर्यंत कोइंब्रा हे पोर्तुगालमधील एकमेव विद्यापीठ होते, त्यामुळे गोव्यातील तरुणांचीही तिकडे ये-जा असे. मडगावचे आदेओदातो बार्रेतो १९२० च्या दशकात तेथे शिकत होते. सहकाऱ्यांसह त्यांनी तेथूनच १९२८ मध्ये ‘इंडिया नोव्हा’ हे वृत्तपत्र सुरू केले.

या उत्सवाच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे तो साजरा न होण्याचे. १७ एप्रिल १९६९ रोजी गणित विभागाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तेव्हाच्या हुकूमशाही राजवटीचे राष्ट्राध्यक्ष आमेरिकु तोमाश आले असताना विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष आल्बेर्तु मार्तिंश यांनी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली आणि रात्री त्यांना अटक झाली. विद्यार्थ्यांनी ‘शैक्षणिक शोक’, म्हणजे निषेध म्हणून विद्यार्थी-जीवनातील सुतक, जाहीर केला, परीक्षांवर बहिष्कार घातला आणि त्या वर्षीची कैमा रद्द केली. उत्सव सोडून देणे हेच ज्या राजवटीला टोचते, तिची नाडी विद्यार्थ्यांनी अचूक ओळखली होती, असे म्हणावे लागेल.

एप्रिल १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपली, तरी १९६९ पासून थांबलेला उत्सव लगेच परतला नाही. काळे झगे, टोप्या आणि छड्या हे सारे आता अनेकांना जुन्या वरिष्ठ वर्गाच्या मिजाशीचे अवशेष वाटू लागले होते. कैमा पुन्हा सुरू झाली ती १९८० मध्ये. त्यानंतर तिचा पसारा वाढला, रात्रभर चालणाऱ्या संगीत मैफली आल्या, आणि परंपरेच्या नावाने चालत आलेले सारेच टिकले असेही नाही: वासरांशी झुंजण्याचा खेळ विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये मतदान घेऊन, मोठ्या बहुमताने, कार्यक्रमातून काढून टाकला.