मड आणि मश: किल्ली कुणाकडे आहे हे ठरवणार कोण?

‘मडमध्ये लेव्हल असतात, मशमध्ये नसतात.’ शब्दांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या या दोन जाती, आणि त्यांत शिरू पाहणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकवलं जातं, आणि तेवढ्या भांडवलावर आत गेलेला माणूस पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडतो. वाक्य अगदी खोटं नाही, पण बिनकामाचं आहे. आकडे मोजणारे मश आहेत आणि आकडे खेळाडूपासून दडवून ठेवणारे मडही आहेत. लेव्हलवरून वागायचं कसं हे कळत नाही, आणि नवख्याला अडतं ते तिथेच.

मी बोलतोय ते रोलप्लेला वाहिलेल्या खेळांबद्दल. पडद्यावर चित्र नाही, नुसता मजकूर. एकाच वेळी अनेक माणसं आत, प्रत्येकाचं एक पात्र, आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं, वागायचं. एआय बॉटला ‘तू आता सरदार हो’ सांगून रात्रभर गप्पा मारणं यात धरू नका. बॉट तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. इथे पलीकडे माणूस असतो, त्याला कंटाळा येतो, राग येतो, आणि त्याच्या पात्राचं बरंवाईट तुमच्याइतकंच त्यालाही प्यारं असतं.

मड तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. खेळला नसलात तरी हेल्थ, कौशल्यं, सामानाची पिशवी आणि मरण असलेला कुठलाही खेळ हाताळला असाल तर निम्मं काम झालंच. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्या वंशात पुढे जी रोलप्लेची कडक शाखा निघाली तिला ‘आरपीआय’ (रोलप्ले इंटेन्सिव्ह) म्हणतात. तिथे भूक, तहान, जखम, चोरी सगळं कोडमध्ये असतं, पात्र मेलं की कायमचं मेलं, आणि आत असेपर्यंत पात्र सोडून बोलायचं नाही. मशचं घराणं वेगळं. 1989 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अ‍ॅस्पनेसने टायनीमड केला. त्यात राक्षस मारून गुण कमावण्यापेक्षा खोल्या बांधणं आणि गप्पा मारणं जास्त चाले. वर्षभरात त्यातून टायनीमश निघाला, आणि पेनमश, टायनीमक्स ही त्याचीच पुढची पिढी. नावात मक्स दिसलं तर मश समजा, तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. या दोन खेळांत एखादी गोष्ट घडली की नाही, हे कोण ठरवतं? मडमध्ये कोड ठरवतो. मशमध्ये ती ज्या पात्रावर घडते त्या पात्राचा खेळाडू ठरवतो, आणि दोघांचं जमलं नाही तर फासे किंवा खेळ चालवणारे. बाकीचे सगळे फरक याच्या पोटात येतात.

एक प्रसंग घेऊ. जुन्या पणजीतलं एक ताव्हेर्न, म्हणजे दारूचं दुकान, रात्रीची वेळ. कायतान हा माल इकडचा तिकडे करणारा. रघू जकातीवरचा शिपाई, कमरेला गोदामाच्या किल्लीचा जुडगा. कायतानला किल्ली हवी आहे.

खेळ आरपीआय मड असेल तर रघूच्या सामानात ‘किल्ली’ नावाची वस्तू खरोखर नोंदलेली असते. कायतानचा खेळाडू चोरीची आज्ञा टाइप करतो. कोड त्याचं कौशल्य बघतो, खोलीत उजेड किती, रघू सावध आहे का, असलं काहीबाही जमेला धरतो आणि निकाल देतो. किल्ली आली किंवा रघूच्या पडद्यावर ओळ उमटली की कुणीतरी तुमच्या कमरेला हात घातला. आता समजा कायतानच्या खेळाडूने आज्ञा दिलीच नाही, नुसता इमोट, म्हणजे पात्र काय करतं ते सांगणारं वाक्य, लिहिला की ‘कायतान हलकेच किल्ली काढून खिशात टाकतो’. वाक्य सुरेख. पण किल्ली रघूकडेच आहे. गोदामाशी गेल्यावर कुलूप उघडणार नाही, आणि रघूचा खेळाडू बुचकळ्यात पडेल की आता मी चोरी झाली असं वागू की नाही. मडमध्ये इमोट ही कोडने घडवलेल्या गोष्टीवरची वेलबुट्टी आहे. ‘घटाघट फेणी पितो’ असं लिहिलंत पण पिण्याची आज्ञा दिली नाहीत, तर पेला भरलेला राहतो आणि पात्राची तहानही तशीच राहते. आधी आज्ञा, मग तिला शोभेल असा इमोट. ज्या खेळांत आज्ञेलाच शब्द जोडता येतात तिथे तर दोन्ही एका ओळीत होतं.

हाच प्रसंग मशमध्ये न्या. तिथे किल्ली नावाची वस्तू बहुधा कुठेच नोंदलेली नसते. रघूच्या खेळाडूने आपल्या पोझमध्ये ‘कमरेचा जुडगा खुळखुळतो’ असं लिहिलं म्हणून ती आहे. (मडवाले ज्याला इमोट म्हणतात त्याला इथे पोझ म्हणतात.) आता मडमधून आलेला गडी सवयीने लिहितो:

‘कायतान रघूच्या कमरेची किल्ली हिसकावतो आणि खिशात टाकतो. रघूला पत्ताही लागत नाही.’

दोन वाक्यांत दोन गुन्हे. किल्ली गेली हे त्याने परस्पर ठरवलं, आणि रघूला कळलं की नाही हे तर त्याच्या बापाने ठरवायची गोष्ट नव्हती, ती रघूच्या खेळाडूची होती. याला पॉवरपोझ म्हणतात आणि मशमध्ये माणूस दुरावण्याचा हा सगळ्यात जवळचा रस्ता. आता हे बघा:

‘कायतान हसत हसत बाकावर सरकतो, खांद्याला खांदा लागेल इतका. “शिपायानू, आज पावसात कोण येतो तपासायला?” बोलता बोलता त्याचा डावा हात रघूच्या कमरेकडे जातो, बोटं जुडग्याशी पोचतात.’

इथे थांबायचं. हात पोचला आहे, पुढचं रघूच्या खेळाडूच्या हाती. तो रघूला गाफील ठेवेल, मनगट पकडायला लावेल, किंवा सगळं कळूनही न कळल्यासारखं दाखवेल, कारण त्यालाही गोदामातला वाटा हवा आहे. ही तिसरी शक्यता कायतानच्या खेळाडूच्या डोक्यातही आली नसेल, आणि मश खेळायचा तो याचसाठी. दोघांना फाशांवर सोडावंसं वाटलं तर बहुतेक मशमध्ये त्याची आज्ञा असते. ती आधी विचारून टाकायची.

पेडण्याकडच्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात, समोरच्या नटाने टाकलेलं वाक्य झेलून पुढे जायचं असतं. त्यात समोरच्याचं वाक्यही आपणच बोलून टाकणारा नट जसा नकोसा होतो, तसा पॉवरपोझ करणारा.

याच फरकातून पात्राबाहेरच्या बोलण्याचा नियम येतो, त्याला ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर) म्हणतात. मशमध्ये ओओसी बोलणं म्हणजे शिष्टाचार. ‘मी किल्ली चोरायचा प्रयत्न करणार आहे, चालेल का? पकडलो तरी हरकत नाही, तुरुंगातला सीन मस्त होईल’ असं आधीच विचारणारा खेळाडू सगळ्यांना हवाहवासा वाटतो. आरपीआय मडमध्ये हेच वाक्य समोरच्याला खासगीत पाठवलंत तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते. कारण तिथे माहिती हीच दौलत. रघूला चोरीची कुणकुण लागायची असेल तर ती खेळात, पात्राच्या कानाने लागली पाहिजे. दाराआड लपून ऐकणारं पात्र तिथे खरोखर दाराआड असतं, आणि तुम्ही बाहेरून बातमी पोचवलीत तर त्याने रात्रभर लपून केलेली मेहनत पाण्यात. एका ठिकाणी जे सौजन्य, ते दुसऱ्या ठिकाणी लबाडी. ‘रोलप्लेचे नियम सगळीकडे सारखेच’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी लोकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या राक्षसाने केलं नसेल.

मरणाचंही तसंच. आरपीआयमध्ये कोडने मारलं की मेलात, रडून उपयोग नाही. बहुतेक मशमध्ये तुमच्या संमतीशिवाय पात्र मरत नाही. पण ‘संमती’ म्हणजे परिणामांतून सुटका असा अर्थ काढणारे महाभाग असतात. चौकात सरदाराच्या थोबाडीत मारायची आणि मग तुरुंगात जायला संमती नाही म्हणायचं, हे चालत नाही. बऱ्याच मशच्या नियमांत कृत्याचे परिणाम भोगावे लागतील असं स्वच्छ लिहिलेलं असतं. नकोसा प्रसंग मात्र मध्येच थांबवता येतो किंवा पडदा पाडून पुढे सरकता येतं, आणि त्यासाठी कुणाला कारण द्यावं लागत नाही.

वेगाचाही फरक पडतो. आरपीआयमध्ये इमोट एका-दोन ओळींचा, पटकन, कारण वेळ खेळात धावत असते. मशमध्ये पोझ परिच्छेदभर, एकेकाने पाळीने, आणि दहा-पंधरा मिनिटं वाट बघणं नेहमीचं. गर्दीच्या सीनमध्ये पाळी सांभाळण्याऐवजी आपल्यानंतर तिघांच्या पोझ होऊ द्यायच्या आणि मग आपण लिहायचं, असाही रिवाज आहे. अडीच-तीन तासांचा सीन असतो, त्यामुळे ‘पाच मिनिटं डोकावतो’ म्हणणाऱ्याने जाऊच नये. आणि कृपा करून पोझमध्ये पात्राचे विचार ओतू नका. ‘कायतानला रघूचा बावळटपणा बघून मनात हसू येतं’ यावर रघूने काय करायचं? समोरच्याला धरायला काहीतरी द्या, एखादी हालचाल, एखादा प्रश्न, सांडलेला पेला.

क्लायंट, रंग, आज्ञांची स्पेलिंगं यावर लोक पानंच्या पानं लिहितात, मी दोन ओळी लिहितो. क्लायंट म्हणजे खेळाशी जोडून देणारा प्रोग्राम. त्यातला मडलेट फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतो. खेळाचा पत्ता आणि पोर्ट नंबर टाकला की झालं. मशमध्ये दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू केलं की बोलणं, कोलनने सुरू केलं की पोझ. बाकी हेल्पमध्ये आहे, वाचा.

गोव्यातून खेळणाऱ्याला दोन गोष्टी मात्र आधी कळलेल्या बऱ्या. हे खेळ जास्त करून अमेरिकेच्या संध्याकाळी भरतात. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. म्हणजे पोदेर, आपला पाववाला, दारात भोंपू वाजवतो तेव्हा तिकडे रंग भरलेला असतो. आपल्या रात्री नऊला तिथे सकाळचे साडेअकरा नाहीतर साडेदहा, खोल्या ओस. त्यामुळे एरेसमश या नव्या धाटणीवर चालणारे खेळ आधी बघा असं मी सांगेन. त्यात ब्राउझरमधून सीन चालवता येतो आणि तो एका बैठकीत संपवावा लागत नाही, आज एक पोझ, उद्या दुसरी. आरपीआयवाल्यांना ही सोय नाही, तिथे हजेरी लागतेच.

दुसरी गोष्ट पावसाची. नेट रडतखडत असलं तरी मजकुराला पुरतं, त्याची काळजी नको. पण वीज गेली तर मशमध्ये तुमचं पात्र झोपी जातं आणि सीनमधले बाकीचे ‘लाइट गेली असेल’ म्हणून सांभाळून घेतात. मडमध्ये जोडणी तुटली तरी पात्र काही काळ जिथल्या तिथे पुतळ्यासारखं उभं राहू शकतं, आणि कोडला डिचोलीतला ट्रान्सफॉर्मर माहीत नसतो. जूनमध्ये आरपीआयच्या जंगलात एकट्याने फिरू नका.

मग निवडायचं काय? मला विचाराल तर लिहिण्याची आवड असलेल्याने आधी मश. हरण्या-जिंकण्याची खुमखुमी असेल आणि इतरांनी परवानगी देण्याची वाट बघणं जमणार नसेल तर आरपीआय, आणि तिथे तो सुखी होईल. फक्त नावावरून ओळखायला जाऊ नका. इव्हेनिया नावाच्या सर्व्हरवर दोन्ही तऱ्हेचे खेळ बांधलेले आहेत, आणि मड म्हणवणाऱ्या काही ठिकाणी संमतीचे नियम आहेत. आत गेल्यावर पाहुणा म्हणून लॉगिन मिळत असेल तर ते घ्या आणि धोरणाची पानं उघडून दोनच गोष्टी शोधा. संमतीबद्दल काय म्हटलंय, आणि ओओसी बोलण्याबद्दल काय म्हटलंय. उत्तर तिथे मिळतं.

पात्र मागताना तीन पानी पूर्वचरित्र, त्यात आईबाप मारले गेलेला, कुणाशी न बोलणारा, कोपऱ्यात टोपी डोळ्यांवर ओढून बसणारा वीर, एवढं करू नका. ताव्हेर्नचे चारही कोपरे अशांनी आधीच भरलेत. ज्याला रोज चार लोकांना भेटावंच लागतं असं पात्र घ्या, होडीवाला, वैद्य, न्हावी, उधारी वसूल करणारा. सीन तुमच्याकडे चालत येतील.

मराठीत खेळायचं असेल तर तयार खेळांच्या नादी लागू नका. ते बहुतेक इंग्रजीत आहेत आणि जुन्या सर्व्हरवर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. पायथन थोडंफार येणारं कुणी ओळखीचं असेल तर वर म्हटलेला इव्हेनिया फुकट आहे, देवनागरी नीट दाखवतो, आणि मांडल्याबरोबर 4000 पोर्टवर मडलेटसाठी आणि 4001 वर ब्राउझरसाठी उभा राहतो. चार-पाच जणांना पुरेल एवढं काम एखाद्या जुन्या लॅपटॉपवर भागतं. चोरीची आज्ञा लिहायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. एक खोली, एक बाक, आणि पोझ करता आली की कायतान-रघूचं काम सुरू होतं.